सदूअण्णांची किरणं

रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर एक उंच माणूस दोन्ही हात पसरून वाऱ्याच्या तोंडाला उभा असायचा. नवख्याला वाटे, योगासनं चालली असतील. आमच्या आळीला मात्र ठाऊक होतं, की हे सदूअण्णा. दवाखान्यातून सुटलेत आणि घरी जाण्याआधी अंगातली किरणं वाऱ्यावर सोडताहेत.

अण्णा आमचे शेजारी. गाव कोरेगावकडचं. मिलिटरीत एक्सरे काढायला शिकले, पेन्शनीत निघाले आणि आधी साताऱ्याच्या, मग सांगलीच्या एका दवाखान्यात मशीनवर उभे राहिले. ‘सांस लो, रोको, छोडो’ हा पलटणीतला हुकूम त्यांच्या जिभेवर कायमचा बसला होता. आळीतल्या नळावर भांडण जुंपलं की ते खिडकीतून ‘रोको’ म्हणून ओरडत. बायका खरोखरच श्वास धरून उभ्या राहत आणि तेवढ्यात तिसरीच कुणीतरी आपला हंडा भरून घेई.

मशीनविषयी माझ्याशी बोलताना मात्र त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली यायचा. “मास्तर, मांसातनं किरण निवांत निघून जातंय. हाडापाशी अडखळतंय. आन् सोनं आलं की थांबतंयच.” या सोन्यानं त्यांना फार छळलं होतं. छातीच्या फोटोत मंगळसूत्राच्या वाट्या पांढऱ्याफेक उमटत आणि नेमकी फुप्फुसाची जागा अडवून बसत. खेड्यातल्या बायका गळा मोकळा ठेवायला तयार नसत. त्यावर अण्णांनी इलाज काढला होता. बाजारातली हळकुंडं दोऱ्यात ओवून ते खोलीबाहेरच्या खिळ्याला टांगून ठेवत. बाईनं आधी हळकुंड बांधायचं, ते मानेमागे सरकवायचं, आणि मगच मंगळसूत्र उतरवून सासूच्या हाती द्यायचं. सौभाग्यालाही धक्का नाही आणि फोटोलाही नाही. नवे डॉक्टर आधी हसले, पण फोटो लखलखीत यायला लागल्यावर स्वतःच बायकांना त्या खिळ्याकडे धाडू लागले.

माझं त्यांच्याशी एकाच गोष्टीवरून बिनसायचं. आमची पमी जन्मली तेव्हा सगळी आळी येऊन तिला मांडीवर घेऊन गेली. अण्णा उंबऱ्याबाहेरूनच ‘ब्येस हाय’ म्हणाले आणि चालते झाले. पुढं ती रांगत त्यांच्याकडे निघाली की ते काहीतरी काम आठवल्यासारखे उठून जात. माझी आई म्हणायची, कसला एवढा ताठा. शेवटी मी एकदा घाटावरच त्यांना छेडलं. दिवा मालवल्यावर उजेड खोलीत राहत नाही, तशी किरणंही अंगात राहत नाहीत, असं ते स्वतःच पेशंटना समजावत. मग घाटावरचं ते वारं घेणं कशासाठी, आणि पोरीला का घेत नाही? अण्णांनी वाऱ्यावर हात पसरले. म्हणाले, “ते पेशंटाला सांगायचं असतंय.”

खरं उत्तर वत्सलावैनींनी, त्यांच्या बायकोनं दिलं. लग्न उशिरा, पेन्शनीनंतर झालेलं; साताऱ्यात नवा संसार होता. वैनी दुपारचा डबा घेऊन जायच्या आणि मशीनच्या खोलीतच स्टुलावर बसून राहायच्या, तिथं गार वाटायचं म्हणून. दिवस गेलेत हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मूल पोटातच गेलं. कशानं गेलं ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा कूस उजवली नाही. तांदूळ निवडता निवडता वैनी हे सगळं सांगत होत्या. “मी कवाच सोडलं ते,” त्या म्हणाल्या. “ह्यांनीच धरून ठिवलंय.” त्या दिवसापासून मी अण्णांना छेडणं सोडलं.

दुष्काळ सरल्यानंतरच्या हिवाळ्यात पमीनं सुधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कुडीची फिरकी गिळली. आम्ही दवाखाना गाठला. अण्णांनी शिशाचा जड एप्रन माझ्या गळ्यात घातला आणि पोरीला मलाच धरायला लावलं. स्वतः तिला बोटही न लावता, खालची चादर ओढून ओढून त्यांनी तिला नीट जागेवर आणलं. मग मला डार्करूममध्ये नेलं. लाल दिव्याचा मंद उजेड होता, कुठंतरी पाणी ठिबकत होतं, तारेवर कुणाकुणाची हाडं वाळत होती. अण्णांनी टाकीतून फिल्म वर काढली. माझ्या मुलीच्या इवल्या बरगड्या स्वप्नात दिसाव्यात तशा समोर आल्या, आणि त्यांच्याखाली, पोटात, एक पांढरा ठिपका. मला क्षणभर भीतीच वाटेनाशी झाली, इतकं ते सुंदर होतं. “पोटात उतरलीय. पडंल आपसूक,” अण्णा पुटपुटले.

सकाळपर्यंत पडली नाही तर पुन्हा फोटो काढू, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी अण्णा घाटावर गेलेच नाहीत. दवाखान्यातून तडक आमच्या ओसरीवर आले आणि पार कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले. पोरीला केळं चारा, दुसरा फोटो नको, एवढंच ते सुधाला सांगत होते. वैनीही येऊन सुधाजवळ बसल्या होत्या. नदीपलीकडच्या गुऱ्हाळाचा गोड वास येत होता. उजेड हळूहळू मावळत चालला होता.

पमी रांगत निघाली ती थेट त्यांच्याकडे. अण्णा उठायला गेले, पण मागं भिंत आणि बाजूला मी. त्यांचं धोतर धरून ती मांडीत चढली. अण्णांनी दोन्ही हात वर उचलले.

“आवं मास्तर, उचला हिला. आज मी वाऱ्यावर गेलो न्हाई.”

मी पुढं झालो, तर वैनींनी मला हातानंच थांबवलं. त्या नवऱ्यासमोर बसल्या. त्यांचा एक हात धरून त्यांनी खाली आणला आणि पमीच्या पाठीवर ठेवला. मग दुसरा.

“ठिवा. काय हुत न्हाई.”

फिरकी सकाळी पडली. सुधानं ती धुऊनपुसून पुन्हा कानात घातली. पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी अण्णांचे हात बराच वेळ ताठच होते. मग केव्हातरी ते सैल झाले आणि पोरीला थोपटू लागले. पमी झोपली. वैनींनी पदर डोळ्यांना लावला. काळोख पडला होता, पण दिवा लावायला काही मी उठलो नाही.