याकोब मास्तरांची ताजी बातमी

आमच्या गल्लीत वीज गेली आणि परत आली, की पंखे चांगले गरगरायला लागल्यावर याकोब मास्तर धापा टाकत दारात येतात आणि ओरडतात, "आनंद करा! लाइन आली!"

आपण पंख्याखालीच बसलेलो असतो. तरी "हो का!" म्हणायचं. नागपुरातल्या आमच्या वस्तीत तशी रीतच पडली आहे.

मास्तर शाळेत पीटी शिकवायचे. ते निवृत्त झाले, त्यांचे पाय नाही. चांगली बातमी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सुवार्ता', फोनवर सांगणं त्यांना पाप वाटतं. महाल भागातल्या शिंप्याची मुलगी सीए झाली, तेव्हा हा माणूस भर उन्हात तिथवर चालत गेला. मुलीने बापाला केव्हाच फोन केला होता, पेढेही वाटून झाले होते. शिंप्याने डबा हळूच मशीनखाली सरकवला आणि डोळे मोठे करून म्हणाला, "काय सांगता!"

"मास्तर, एक फोन केला असता," मी एकदा म्हटलं.

"काहून? सुवार्ता म्हणजे प्रवचन वाटलं काय तुले?" मास्तर उसळले. "बातमी हाये ते, बातमी! बायबलच्या जुन्या करारात लढाई तिकडे डोंगरापल्याड. शहरातले लोक जीव मुठीत धरून भिंतीवर उभे. अन् एक गडी डोंगरावरून पळत येऊन राहिला! जिंकलो, देव राजा झाला! ते इब्री म्हणजे यहुदी लोकायची सुवार्ता. यशया संदेष्ट्यानं त्या गड्याच्या पायाचं कवतिक केलं, तोंडाचं नाही!"

"आणि नव्या करारात?"

"तेच तर मजा हाये! येशूनं आपल्या गावी, नासरेथात, यशयाचंच पान काढून वाचलं. गरिबाले सांगा, कैद्याले सांगा, सुटले म्हणा! माणसाचं देवाशी वाकडं होतं, ते मिटलं. बाप म्हणते, घरी ये. एवढीच बातमी हाये गा, बाकी सगळा तिचा पसारा!"

बोलता बोलता ते इतके रंगात येतात, की माझाही चहा पिऊन टाकतात. मला हसू येतं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटतो.

पण स्वतःच्या मुलाशी मास्तरांचं बोलणं नव्हतं. जोएलने पाळक व्हावं, चर्च सांभाळावं, हा त्यांचा हट्ट. त्याने मौद्याच्या वीजकेंद्रात नोकरी धरली, तेव्हा मास्तर "माह्या दारात येऊ नको" म्हणून बसले. मौदा काही लंकेत नाही, पण बापलेक दोघेही एका मापाचे. दुनियेची दारं वाजवणारे मास्तर त्या एका दाराशी गेले नाहीत. आतून झुरत होते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

गेल्या आठवड्यात दुपारी जोएलचा मला फोन आला. "दादा, पोरगी झाली. बाबाले सांगता का?"

फोन चालू ठेवूनच मी मास्तरांकडे धावलो. पोट सांभाळत, पण धावलो. "मास्तर, नात झाली! जोएलला मुलगी झाली!"

आता गल्ली दणाणणार, असं मला वाटलं. मास्तर खुर्चीचा हात धरून उठले. "अन् पोरगा? पोरगा बरा हाये ना?"

मी फोनच त्यांच्या हातात दिला.

"तू बरा हायेस ना, बेटा?" एवढंच त्यांना जमलं.

पलीकडून जोएल म्हणाला, "बाबा, या ना तुम्ही."

मास्तर माझा फोन घेऊनच बाहेर पळाले. वामकुक्षी घेणाऱ्या अख्ख्या गल्लीची दारं त्यांनी बडवून काढली. "अरे उठा! माह्या पोरानं मले बोलावलं!"

नात झाल्याचं सांगायचं मात्र त्यांच्याकडून राहूनच गेलं.