एका जबाबदार नातेवाइकाची तपासणी

सावधगिरीच्या सूचना दोन प्रकारच्या असतात: खोक्यावर छापलेल्या आणि माणसांनी तोंडी दिलेल्या. छापलेल्या पाळायच्या असतात. तोंडी दिलेल्यांना "हो, हो, बघते" म्हणायचं असतं. सुशिक्षित माणूस ओळखायचा तो यावरून.

आपल्या कथेतली बाळाची आई चांगली पदवीधर होती. (तिला स्वतःचं नावही होतं, पण बाळ झाल्यापासून ते फक्त बँकेत वापरात होतं.) "लहान भाग गिळले जाण्याचा धोका" असं छापलेलं प्रत्येक खेळणं तिने आधी स्वतः चावून पाहिलं होतं. बाळ रडलं की ती धावायची आणि रडलं नाही की दुप्पट धावायची.

अशा धावपळीत तिच्या थोरल्या भावाच्या घरमालकीणबाईंचा, म्हणजे मावशींचा फोन आला.

"अगं, तुझा दादा जिन्यातल्या विजेच्या मीटरशी बोलत बसतो."

"मावशी, बिल आलं की आमचे हेसुद्धा बोलतात."

"ते शिव्या देत असतील. हा मीटरला 'अहो' म्हणतो."

इतक्यात बाळ शिंकलं. "हो, हो, बघते," म्हणत तिने फोन ठेवला आणि थर्मामीटर शोधायला घेतला. मावशींची सूचना छापलेली नव्हती.

काही दिवसांतच दादाची खात्री पटली की हे मीटर घरोघरचं बोलणं ऐकतात आणि वर कळवतात. त्याने हातोडा आणला. (पहिला घाव घालण्याआधी त्याने मीटरची माफी मागितली, असं मावशींनी साक्षीत सांगितलं.) ठिणग्या उडाल्या. त्याला मागे ओढायला धावलेल्या तळमजल्यावरच्या शिंप्याचा उजवा हात भाजला आणि कित्येक महिने त्या हाताला कात्री धरवली नाही.

न्यायालयाने विचारपूर्वक निकाल दिला: कृत्य दादाचं, दोष आजाराचा. आता एकट्या आजाराला कोंडता येत नसल्यामुळे सोबत म्हणून दादालाही मनोरुग्णालयात पाठवण्यात आलं.

तिथल्या रुग्णांना सरकारी आजारभत्ता मिळतो. मागे राहिलेल्या खोलीचं भाडं त्यातून निघतं. दादाच्या शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त पोस्टमनला तो मिळत होता. आजार तोच, गोळ्या त्याच, चहाही तोच पाणचट. फरक इतकाच की पोस्टमन आपल्या पायांनी आला होता आणि दादाला पोलीस घेऊन आले होते. बाळाची आई बाळाला कडेवर घेऊन भत्त्याच्या कचेरीत गेली.

"पण कोर्टाने त्याला दोषी नाही ठरवलं ना?"

"ते कोर्टाचं मत, ताई," कारकून म्हणाला. "आमचं खातं स्वतंत्र आहे. आमच्याकडे तो गुन्हेगारच."

"मग गुन्हेगारांना सुटल्यावर घरासाठी मदत असते, ती तरी द्या."

"त्याला गुन्हा सिद्ध व्हावा लागतो." कारकून मनाने चांगला होता. त्याने बाळाला खेळायला पेन दिलं. (टोपण! गिळलं जाण्याचा धोका! तिने ते हिसकावलं.) "जरा शहाणा असता तर मिळाली असती हो."

भत्ता नाही म्हणून भाडं नाही, भाडं नाही म्हणून खोली नाही. खोली नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून सुट्टी नाही. आणि सुट्टी होत नाही तोवर तो पोलिसांनी आणलेला, म्हणून भत्ता नाही. इतकं गोल काम कुंभारालासुद्धा साधत नाही. मावशींनी जमेल तितके दिवस खोली रिकामी ठेवली, मग डोळे पुसत नवा भाडेकरू ठेवला.

दरम्यान दादा बरा झाला. (या व्यवस्थेत ही शक्यता कुणी धरली नव्हती.) आता त्याला सोडण्यासाठी एक पत्ता आणि तपासून घेतलेला एक जबाबदार नातेवाईक एवढंच हवं होतं. बाळाच्या आईचं दादावर प्रेम होतं आणि विश्वास तर पूर्ण होता. तो फक्त दुसऱ्या एखाद्या इमारतीत राहिला तर बरं, एवढंच तिचं म्हणणं. तरी मन घट्ट करून ती तपासणीला गेली. दादा भांग पाडून शेजारच्या खुर्चीत बसला होता.

"कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नळ सोडला की बाळ रडताना ऐकू येतं. बंद करून बघावं तर झोपलेलं."

"कोणी इजा करील असं वाटतं?"

"सगळेच करतील. परवा सोफ्याचा कोपरा टपून बसला होता."

"एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासता?"

"गॅस. मग बाळाचा श्वास. मग परत गॅस."

"झोप?"

"म्हणजे?"

डॉक्टरीणबाई प्रसन्न हसल्या. "आईचं असंच असतं हो. अगदी जबाबदार आहात."

"ठमे," दादा हळूच म्हणाला, "मी पण अशीच उत्तरं दिली होती. मला खाट मिळाली."

मग पत्त्याची ओळ आली. तिने दादाकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. कुठलीही सूचना न वाचता केलेलं हे तिचं पहिलंच काम.

डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. "घरात लहान मूल आहे?"

बाळाने उत्तरादाखल त्यांचा स्टेथोस्कोप चावला.

"मग नाही सोडता येणार. नियम आहे."

बाळाच्या आईने सुटकेचा निःश्वास सोडला. अगदी अर्धाच, तोही तोंड मिटून. पण दादा ऐकण्याच्या बाबतीत पहिल्यापासून तयार.

"बरं झालं गं," तो म्हणाला. "तुमच्या मीटरशी आपली ओळखही नाही."

दादा अजून तिथेच आहे: बरा, निर्दोष आणि आत. बाळाची आई दर रविवारी त्याला भेटते. (दर म्हणजे बाळ शिंकलं नसेल त्या.) या रविवारी बाळ शिंकलं आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल तर तिची हात जोडून विनंती आहे: दादाला जरा बघून या. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. "अहो" म्हणून हाक मारा, त्याला हल्ली कोणी मारत नाही.

तुम्ही मान डोलावलीत, ती तिला दिसली. "हो, हो, बघतो" म्हणालात, तेही ऐकू आलं.

सुशिक्षित दिसता.