तुम्ही आधीच आत आहात

"साहेब, यात विंडोज कुठंय?" इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाने पडद्यात डोकं घालून विचारलं.

"नाहीये आणि येणारही नाही. लिनक्स आहे," कमांडर म्हणाला. सगळे त्याला कमांडरच म्हणत, कारण माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. जे काही करायचं ते काळ्या खिडकीत आज्ञा टंकून. "तुम्ही वायर द्या, नाव आणि पासवर्ड सांगा. बाकी मी बघतो."

"अहो, पण पॅसेजमधल्या त्या वायफायच्या पेटीतच ते घातलं की..."

"मी बघतो म्हटलं ना?"

बायको दारात उभी होती. चार वाजता तिचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. मुलं मोठी करण्यात नोकरी सुटली ती सुटलीच, आणि आता एका मोठ्या इस्पितळाच्या तक्रार विभागातून बोलावणं आलं होतं. ही संधी हुकली तर पुन्हा कोण विचारणार होतं? मोबाइलवर या घरात बोलणं जेमतेम व्हायचं, चित्र तर दिसायचंच नाही.

"अहो, तो सांगतोय तसं करू द्या की!"

"अगं, याच मशीनवरून होईल तुझा इंटरव्ह्यू. बघच तू."

"बघितलंय मी पुष्कळ. चालले बहिणीकडे!"

टेबलाखाली वायर खोचणाऱ्या कमांडरने डोकं वर काढेपर्यंत दार धाडकन आपटलं होतं, तो माणूसही निघून गेला होता आणि घर चिडीचूप झालं होतं.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. खोलीत भर दुपारी अंधारलं. कमांडरने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर नकार उमटला. पुन्हा टाकला, पुन्हा नकार. शेवटी मशीन जोडणी होईपर्यंत आपणहून खटपट करत राहील अशी आज्ञा देऊन त्याने कंपनीला फोन लावला.

"सर, तुमच्या नावाने लॉगिन चालू आहे, आणि एका वेळी एकच चालतं," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुम्ही आधीच आत आहात."

"मी बाहेर आहे हो! बाहेर बसूनच तर बोंबलतोय."

"नाही सर. मघापासून आत आहात. आणि छान वापरताय."

कमांडरने पॅसेजमध्ये पाहिलं. पेटीवरचा हिरवा दिवा उघडझाप करत होता. त्याने कॉम्प्युटरची वायर उपसून पाहिली. दिवा आपला लुकलुकतोच आहे. त्याने वायर परत खोचली.

आणि मग भिंतीच्या पलीकडून आवाज आला. बाईचा. मऊ, मधाळ, अगदी अदबीचा.

"मला माणसं समजून घ्यायला फार आवडतं..."

कमांडरच्या अंगावर सर्रकन काटा आला. लग्न झाल्यापासून या घरात इतकं गोड कोणी बोललं नव्हतं. हे आपल्या घरातलं माणूस नाही, एवढं नक्की.

"नाही सर," आवाज पुढे म्हणाला, "घरात आता कोणाचीच अडचण नाही."

कमांडरची बोबडी वळली. "ताई," तो फोनमध्ये कुजबुजला, "घरात कोणीतरी आहे."

"सर, आम्ही फक्त इंटरनेटचं बघतो."

"मग त्या आतल्याला हाकला!"

"म्हणजे तुम्हालाच बाहेर काढू?"

"काढा हो! आत्ताच्या आत्ता काढा!"

क्षणभर पेटीवरचा दिवा विझला. पलीकडचा आवाज अडखळला. मग अगदी केविलवाणा झाला.

"हॅलो? ...मी दिसतेय का? ...कोणी आहे का तिकडे?"

कमांडर श्वास रोखून भिंतीला चिकटला. तेवढ्यात त्याच्या पडद्यावर अक्षरं सरसर धावली आणि थांबली. जोडणी झाली होती! भीतीबिती कुठल्या कुठे पळाली. "जमलं!" तो आनंदाने ओरडला. "लिनक्सवर जमलं!"

बेडरूमचं दार सावकाश उघडलं. दारात एक आकृती उभी होती. वर इस्त्रीचा कोट, खाली घरातला गाऊन, हातात मोबाइल.

"तू? तू तर बहिणीकडे..."

"दारातूनच परत आले. त्या माणसाने जाता जाता पेटीत नाव-पासवर्ड घालून दिला. दोन मिनिटं लागली त्याला." तिचे डोळे भरून आले होते. "इतकं छान चाललं होतं हो! शेवटचाच प्रश्न राहिला होता. काय केलंत तुम्ही?"

आपण काय करून बसलो ते कमांडरला कळलं.

तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिने डोळे पुसून स्पीकर लावला.

"मॅडम, चित्र गेलं तुमचं," पलीकडून खरखरत्या आवाजात इंटरव्ह्यू घेणारे साहेब बोलले. "हरकत नाही, फोनवरच सांगा. समजा, एका माणसाने स्वतःच्या हट्टापायी तुमचं होत आलेलं काम धुळीला मिळवलं. आणि तो आत्ता तुमच्यासमोर उभा आहे. काय कराल?"

तिने कमांडरकडे पाहिलं. मग त्याच मऊ, मधाळ, अदबीच्या आवाजात म्हणाली, "काही नाही सर. आधी त्याला शांतपणे खाली बसवेन."

कमांडर खाली बसला.

"वा! आणि मग?"

"मग," ती हसून म्हणाली, "दार लावून घेईन."