यंत्राला न पेललेलं नाव

नाव ही माणसाची खरी इस्टेट असते आणि इस्टेट माणसानं वाढवत राहावी. आमचे धाकटे दीर व्यंकटराव याबाबतीत कुठंच कमी पडत नाहीत. माझी तक्रार तेवढीच आहे.

व्यंकटराव वालूरच्या सोसायटीचे चेअरमन. कागदावर त्यांचं नाव असं येतं : श्रीमान व्यंकटराव आबासाहेब पाटील वालूरकर, माजी सरपंच, शिक्षणप्रेमी (सातवीत तीन वर्षं बसले, शाळा सोडवेना), गोरगरिबांचे कैवारी (कोणत्या, ते कुणी विचारलं नाही), सहकारमहर्षी, विद्यमान चेअरमन.

एक्क्याण्णव साली सोसायटीत कॉम्प्युटर आला. खरं यंत्र परभणीच्या हापिसात, थंडगार खोलीत. वालुरात नुसता पडदा, आणि मधी टेलिफोनची तार. हरभऱ्याचं बियाणं पाहिजे असलं की इथं सभासदाचं नाव टाकायचं, परभणीचं यंत्र पावती धाडणार, पावतीखाली चेअरमनचं पूर्ण नाव, आणि मग गोदामाचं कुलूप निघणार. हातानं लिहिलेली पावती त्या सालापासून बाद. प्रगती म्हणतात ती हीच.

पहिलीच पावती माझी. घरच्या बियाला भुंगा लागलेला, रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आलेला, आणि वाफसा कुण्या चेअरमनसाठी थांबत नसतो. सिताराम ऑपरेटरनं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं आणि तिकडं परभणीत यंत्रानं मान टाकली. मॅनेजर आप्पारावांनी अर्थ सांगितला, "यंत्र घाबरलंय."

व्यंकटरावांचं नाव निघालं की घाबरायचं, ही वालुरात रीतच असल्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही.

परभणीच्या इंजिनिअरनं फोनवर एका दमात, दारात उभ्या आम्हालाही ऐकू येईल असं निदान केलं. "यंत्राचं काळीज असतं, त्याला कर्नेल म्हणतात. तुमच्या चेअरमनचं नाव त्यात मावत नाही, म्हणून ते कोसळतंय. नाव तोडा, चालू होईल."

आप्पारावांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "नीट ऐकूच आलं न्हाई."

मग शास्त्रशुद्ध दुरुस्ती सुरू झाली. तार बदलली. पडद्याचं तोंड पूर्वेला केलं. सितारामच्या चपला बाहेर ठेवल्या, तरी फरक पडेना, मग सितारामलाच बाहेर ठेवलं. शेवटी सभासदांची नावं तोडून पाहिली. वच्छलाबाईची नुसती 'व' उरली. तिचं सासर, माहेर, नवरा, सगळं यंत्राच्या सोयीसाठी गेलं. सोसायटीच्या अहवालाप्रमाणं दुरुस्तीचं काम नव्वद टक्के पूर्ण झालं. (उरलेले दहा टक्के साहेबांच्या नावात होते. तिथं हात लावायला मंजुरी नव्हती.)

इकडं वाफसा उडायला लागला. मी सोसायटीत गेले, सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊजी, तुमचं नाव यंत्राला पेलंना. थोडं कमी करा."

आप्पाराव छताकडं बघायले. पण व्यंकटराव मोठ्या मनाचे. म्हणाले, "वैनी, शेतकऱ्यासाठी जीव दिईन मी, नावाचं काय घिऊन बसल्या! काढून टाका ते माजी सरपंच."

टाळ्या पडल्या. दोघा-तिघा सभासदांचे डोळे भरून आले. मग एवढ्या मोठ्या त्यागाची नोंद घेणं सोसायटीचं कर्तव्य असल्यामुळं तिथल्या तिथं सभा भरली आणि ठराव झाला, की साहेबांच्या नावापुढं 'शेतकऱ्यांसाठी स्वतःचे नाव अर्पण करणारे त्यागमूर्ती' असं लावावं. हात सगळ्यांचे वर. एकमतानं मंजूर.

सितारामला आत घेतलं. बटण दाबलं. यंत्र मागच्यापेक्षा लवकर घाबरलं.

मी रानात गेले. पायाखाली भेगा पडायलेल्या. एक ढेकूळ उचललं, सोसायटीत आणलं आणि चेअरमनच्या टेबलावर आपटलं. ढेकूळ फुटलं नाही, काच फुटली. दारात उभ्या लोकांत हशा पिकला.

"भाऊजी," मी म्हणाले, "वाफसा गेला. यंदा माझं रान पडीक. पन तुमचा काय गुन्हा न्हाई. तुमच्या नावाला 'न्हाई मावत' म्हनायची छाती वालुरात एकट्या त्या यंत्राची झाली, आन् तुमी सगळे मिळून त्यालाच दुरुस्त करायलाव. वाढवा, खुशाल वाढवा नाव. आता जे दारात हासायलेत ना, त्यांचे बी हात मघाशी वरच हुते."