शून्य उताराचा उतार

माणूस कामावरून ओळखावा असं थोर लोक सांगून गेलेत. फाइल मात्र नावावरूनच ओळखावी, कारण काम बघायचं तर ती उघडावी लागते, आणि तेवढा वेळ आहे कोणाला?

आमच्या बांधकाम खात्यात सगळे हिशेब एका गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. आपण एक ओळ लिहायची, ते लगेच उत्तर देतं. (घरी ही सोय नाही.) पूर्वी उत्तरं दशांशात यायची. एकदा अहवालाच्या रकान्यात ०.०८३३३३३३ असा आकडा आला आणि शेजारच्या रकान्यात घुसला. मोठे साहेब कडाडले, "ही मुंग्यांची रांग कसली? टिंबापुढचं लचांड मला नको!" त्याच दिवशी आदेश निघाला, की यापुढे सर्व संख्या 'पूर्णांक' प्रकारातच ठेवाव्यात. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. ते टिंबापुढचं सगळं छाटून टाकू लागलं.

काय सांगू, खात्याचं सोनं झालं! छतातून तासाला पाऊण बादली गळायची, ती गळती शून्य झाली. सुंठीवाचून खोकला गेला. (बादली तिथेच आहे, पण ती आता शोभेची समजावी.) दर टेबलामागे दिवसाला अर्धं काम व्हायचं, तेही शून्यावर आलं, याचं मात्र कोणाला नवल वाटलं नाही.

फाइलींच्या नावांची शिस्त ही माझी कामगिरी. साधी फाइल 'अंतिम'. तिच्यात बदल झाला की 'अंतिम_अंतिम'. विभागप्रमुखांनी पाहिली, म्हणजे मी त्यांच्या टेबलावरून फिरवून आणली, की तीनदा अंतिम. चौथा अंतिम फक्त मोठ्या साहेबांच्या सहीने. बांधकामाच्या जागी ज्या फाइलीच्या नावात अंतिम जास्त तीच जाते. ती धाडायचा परवलीचा शब्द माझ्याकडे असतो, म्हणून गोंधळाला वावच नाही.

तर दवाखान्याचा उतार. व्यायामोपचार विभागाचं दार जमिनीपासून मीटरभर उंच. पायऱ्या होत्या, पण तिथे येणाऱ्यांचे पायच चालत नाहीत, अशी तक्रार आली. (लोकांना काहीही खुपतं.) चाकाच्या खुर्चीसाठी बारा मीटरांचा उतार मंजूर झाला. दर बारा मीटरला एक मीटर चढ, म्हणजे एक भागिले बारा. सॉफ्टवेअरने पूर्णांकात उत्तर दिलं, शून्य. फाइल तीनदा अंतिम होऊन तयार झाली.

आमच्याकडे एक तरुण इंजिनियर आहे. तिला सगळे दशांशताई म्हणतात. ती तणतणत माझ्या टेबलाशी आली.

"सर, चढ शून्य म्हणजे तो उतार नाही हो, ओटा झाला! मी एकाच्या जागी एक टिंब शून्य लिहिलं, तर बारा मीटरांत बरोबर एक मीटर चढ आला. फाइल बदला ना."

"नाव काय तुझ्या फाइलीचं?"

"उतार_अंतिम."

"एकदाच? अगं, समोर तीनदावाली बसलीय."

"मग मी चार वेळा लिहिते!"

"साहेबांच्या सहीशिवाय? आणि साहेब प्रशिक्षणाला गेलेत." (विषय : फाइलींना सुयोग्य नावे देणे.)

ती मग हळूच म्हणाली, "सर, माझ्या बाबांना तिथेच न्यायचंय. डॉक्टर म्हणालेत, व्यायाम आत्ता सुरू झाला तरच पाय परत येतील. मी एकटी त्यांना उचलू शकत नाही."

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण वाईट वाटणं साधारण अर्धं होतं.

उतार झाला. गुळगुळीत, दोन्ही बाजूंना कठडा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट, आणि शेवटी भिंत. त्यावरून आजवर एकही खुर्ची घसरलेली नाही. दशांशताईने वडिलांना आणलं. ते निवृत्त बसचालक. खुर्ची भिंतीला टेकली, तेव्हा त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं.

"बस थांब्यावर बरोबर लागलीय, पोरी," ते म्हणाले. "थांबाच वर गेलाय."

ती हसली नाही. मदतीला कोणी मिळतं का, ते बघायला ती रस्त्याकडे धावली. वडील खुर्ची वळवून पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन थांबले.

त्याच दिवशी साहेब परतले आणि आम्ही लोकांची मतं मागवली. अभिप्रायाची पेटी आत, दाराजवळच ठेवली, म्हणजे कोणाला त्रास नको. निकाल : उताराबद्दल समाधानी शंभर टक्के, तक्रारी शून्य. हे शून्य मात्र छाटलेलं नाही, खरंखुरं आहे.

त्या पेटीत तुमचीही चिठ्ठी आहे. घाईत होतात, तरी 'सोय उत्तम' यावर खूण केलीत, त्याबद्दल खातं आभारी आहे. आत येताना पायऱ्यांशी एक गृहस्थ वाटेत होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, "काका, खुर्ची जरा बाजूला घेता का?"

त्यांनी घेतली.