वरच्या मजल्याचं पाणी

"प्रेशर वाढलं तर बिघडलं कुठे?" दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच प्लंबर बायकोवर तडकला. "प्रेशर कमी पडलं तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. माझं तर धो धो चढतंय! डॉक्टरला काय कळतंय प्रेशरमधलं?"

"अहो, डोक्यातल्या बारीक नसा जाड होतात म्हणाले ते. रक्त पोचत नाही, मग माणूस विसरायला लागतो."

"अख्खा जन्म पाइपात गेलाय माझा. मला शिकवू नकोस."

झालं. गोळ्या फ्रिजवर धूळ खात पडल्या. बायकोने विनवलं, रुसून पाहिलं. एकदा गोळी कुटून भाजीत घातली, तर नेमकी ती भाजी तिलाच संपवावी लागली आणि दुपारभर तिला गरगरत राहिलं. दोन वर्षं अशीच गेली. मग प्लंबर हातात पाना धरून पाना शोधू लागला. लोक हसायचे. ती मात्र जुन्या झालेल्या गोळ्या टाकून नव्या आणून ठेवायची.

एके दिवशी सकाळी तो एका इमारतीत गळका नळ बघायला गेला. खाली मेन कॉक बंद केला, वर गेला, चहा प्यायला, गप्पा मारल्या आणि नळाला हातही न लावता घरी आला. दुपारी तिथूनच फोन. "अख्ख्या बिल्डिंगचं पाणी गेलंय, लगेच या!"

पिशवी धरायच्या निमित्ताने बायकोही सोबत गेली. त्याने टाकी तपासली, पंपाला शिव्या घातल्या, एका बाथरूमची फरशी फोडली, गच्चीखालचा पाइप कापला. संध्याकाळी शेवटी मेन कॉकपाशी पोचला आणि गरजला, "कुठल्या गाढवाने बंद केला हा?"

कॉकवर त्याचाच रुमाल लटकत होता.

फोडलेल्या फरशीची मालकीण तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने तिला हात जोडले. पण रुमाल त्यालाही दिसला. तो मटकन पायरीवर बसला. कापलेल्या पाइपचा तुकडा हातातच होता. आत गंजाचा थर, जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक.

"प्रेशर भरपूर होतं गं," तो हळूच म्हणाला, "वाटच उरली नव्हती. डॉक्टर हेच सांगत होता का?"

तिला रडू आवरेना.

घरी आल्यावर त्याने स्वतः गोळी मागितली आणि तिच्यासमोर गिळली. कितीतरी दिवसांनी तिला घास गोड लागला. ती भांडी घासत होती, तेवढ्यात तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"गोळी राहिली ना आजची? दे."

"अहो, आत्ताच घेतलीत."

"काहीतरीच! दे बघू. आता मी एकही चुकवणार नाही."

तिने कसंबसं परतवलं. थोड्या वेळाने तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा मात्र भडकला. "दोन वर्षं डोकं खाल्लंस आणि आता घ्यायला निघालो तर तूच आडवी येतेस! मी सगळं विसरावं असंच वाटतं ना तुला?"

त्याची पाठ वळताच तिने गोळ्यांचं पाकीट पिठाच्या डब्यात खोल दडवलं आणि झाकणावर दोन्ही हात दाबून उभी राहिली. आतल्या खोलीत तो एकेक खण उघडत होता. आपण काय शोधतोय, हे आज त्याला पक्कं आठवत होतं.