आल्फच्या गाडीचा भोंगा

माणूस पारखण्यात माझा हात धरणारा वुंडाबिल गावात कोणी नाही, असं मी त्या सेमीफायनलच्या आठवड्यापर्यंत उघडपणे सांगत असे. वीसेक वर्षं इथं परमुलखात औषधांचं दुकान चालवतोय. दारातून नुसता खोकला ऐकू आला तरी कोण आलंय ते सांगतो. आणि त्याच्याही आधीची माझी शिदोरी म्हणजे कीर्तन. आमचे सासरे कीर्तनकार. त्यांचा जावई होण्याआधी कित्येक वर्षं मी त्यांच्या मागे झांज घेऊन उभा असे. बुवा भलतेच चोखंदळ. पेटीवाले बदलले, तबलजी बदलले, दोन टाळकऱ्यांना तर त्यांनी भर पूर्वरंगात खाली बसवलं. मला मात्र कधी हलवलं नाही. यावरून काय ते समजा.

तेव्हा गावच्या फुटबॉल क्लबाच्या निवड समितीवर मला घेतलं, याचं आश्चर्य मी सोडून गावातल्या सगळ्यांना वाटलं.

समितीत आल्याआल्या माझी नजर गेली ती केल्पीवर. खरं नाव ब्रेंटन टॉझर. पण मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या त्या जातीवरून आख्खं गाव त्याला केल्पी म्हणतं. चेंडू मैदानाच्या या टोकाला असो की त्या, केल्पी त्याच्यामागे धावत असायचा. गाठायचाही. पण त्याचा पाय आणि चेंडू यांची पत्रिका काही जुळत नव्हती. समोर मारलेला चेंडू मागे जाई, मागे मारलेला चहाच्या पातेल्यात. इथल्या फुटबॉलात चेंडू हातातही धरतात, आणि लाथेनं मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर समजूत काढण्यापुरता एक. केल्पीला अकरा हंगामांत ती समजूतही फारशी मिळाली नव्हती. गोल तर एकही नाही.

त्याचा बाप आल्फ दर शनिवारी आपली जुनी पांढरी गाडी मैदानाच्या कडेला, तोंड खेळाकडे करून लावायचा. तसे सगळेच लावतात. आपला गोल झाला की सगळ्या गाड्या मिळून भोंगे वाजवतात. आल्फ वाजवत नसे. "पोराचा होईल तेव्हा वाजवीन," असं तो पहिल्या वर्षी गमतीनं म्हणाला होता. गमतीचं व्रत झालं. या वर्षी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं की हंगाम संपला की गाडी चालवणं बंद. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत पाहुणा म्हणून बसणार होता. आणि पाहुण्यानं दुसऱ्याचा भोंगा वाजवायचा नसतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी निवड समितीत बोट नाचवत म्हणालो, "फायनलच्या तोंडावर हौस चालत नाही. कसब लागतं. केल्पी बाकावर. त्याच्या जागी फिन्ली."

फिन्ली शहरातून आलेला. दोन्ही पायांनी खेळायचा, चेंडू साठ पावलांवरून खांबांमध्ये घालायचा. केस मात्र विस्कटू द्यायचा नाही.

आमची कोच लॉरेल हॅनाफर्ड, एरवी शाळेची बस चालवते. ती म्हणाली, "डिग, केल्पी नसला तर बाकीचे धावत नाहीत रे."

मी दिगंबरचा डिग झालो त्याला जमाना झाला. "तो नसला की ते विचार करतील," मी म्हणालो.

"ह्यांच्याकडून विचाराची अपेक्षा करतोयस?" लॉरेल म्हणाली. पण मत माझ्या बाजूनं पडलं.

केल्पी दुसऱ्या दिवशी आल्फच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला. मी त्याला शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं.

"बाकावर," तो म्हणाला. "बरं. म्हणजे लागलो तर उतरवाल."

"लागलास तर."

"बाबाला आत्ता नको सांगूस. गाडी धुवायला काढलीये त्यानं."

गोळ्या घेऊन तो गेला. जाताना दारही धावतच ओलांडलं.

शनिवारी सकाळपासून मी मैदानावर. गर्दी उसळणार म्हणून मांसाचं सारण भरलेल्या पाई गरम करायला मी शेजारच्या गावाहून दुसरी भट्टी मागून आणली होती. मैदानावरच्या खानावळीच्या खिडकीत आमची कालिंदी उभी होती.

"अहो, त्या बोर्डावर आणखी काही लावू नका. मॅच सुरू-बंद करायचा भोंगा त्याच्यावरच आहे."

"कालिंदी, फार्मसी शिकलेल्या माणसाला वीज शिकवू नये," असं म्हणून मी भट्टी लावली.

फट्. दोन्ही भट्ट्या गेल्या, दिवे गेले आणि सामन्याचा भोंगाही गेला. गावातला एकुलता एक वायरमन तोपर्यंत पायाला पट्ट्या बांधून बचावफळीत उतरायला निघाला होता. त्याला बोलावलं तर बचावच राहत नव्हता.

वेळ मोजायचं काम मर्नाबाईंचं. त्या वरच्या लाकडी खोलीत घड्याळ घेऊन बसतात आणि वेळ भरली की बटण दाबतात. त्यांनी खिडकीतून विचारलं, "आता मी काय करू, ओरडू?"

इथं माझी बुद्धी चालली. एखाद्या गाडीचा भोंगा घ्यायचा. पण गोल झाला की सगळ्याच गाड्या वाजणार, मग पंचाला कळणार कसं? यावर तोडगा काय, तर ज्याची गाडी गोलाला कधीच वाजत नाही तो माणूस घ्यायचा. आल्फ. आणि आल्फचा भोंगा ज्या एका कारणानं वाजला असता, ते कारण मी स्वतःच बाकावर बसवून ठेवलं होतं. इतकं बिनचूक गणित माझ्या हातून आयुष्यात झालेलं नाही.

गाडी मर्नाबाईंच्या खोलीखाली आणून लावली. त्यांनी वरून रुमाल हलवला की आल्फनं भोंगा दाबायचा. मी कर्णा घेऊन मैदानाला फेरी मारली, "आज बाकी कोणीही भोंगा वाजवायचा नाही. आल्फचा वाजला तरच खेळ थांबेल." पंचालाही तसं बजावून सांगितलं.

आल्फनं मान डोलावली. "ब्रेंटन कुठे खेळतोय आज? पुढे की मागे?"

"कडेला," मी म्हणालो. खोटं नव्हतं. बाक कडेलाच असतो.

सामना सुरू झाला. फिन्लीनं पहिल्याच झटक्याला असा देखणा गोल मारला की मी लॉरेलकडे वळून पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे हळूहळू मला तिचं म्हणणं दिसायला लागलं. चेंडू हातात आला की फिन्ली सुरेख खेळे. हातात आला नाही तर तो येण्याची वाट पाही. त्याचं पाहून बाकीचेही वाट पाहायला लागले. पाहुणे टारॅन्टीवाले मात्र कोणाची वाट पाहत नव्हते. शेवटच्या डावाआधी आम्ही पाच गोलांनी मागे होतो आणि आमचे खेळाडू संत्र्याच्या फोडी चोखत लग्नाच्या पंगतीत उशीर झाल्यासारखे उभे होते.

लॉरेल माझ्याजवळ आली. "डिग, तुझं गणित आता खिशात घाल. केल्पी, उठ."

तो आधीच उठला होता.

पुढचं वर्णन मी बुवांसारखं रंगवून करू शकत नाही, कारण त्यात रेखीव असं काही घडलंच नाही. केल्पी टारॅन्टीच्या कप्तानाच्या अंगावर पडला. उठला, दुसऱ्याच्या पडला. चेंडू पकडायला गेला आणि निसटवला. निसटलेला आमच्याच माणसाला मिळाला. केल्पीनं मारलेली एक लाथ सरळ आभाळात गेली, आणि ती खाली येईपर्यंत दोन्ही संघ वर बघत राहिले. केल्पी वर बघत नव्हता, धावत होता. तो जाईल तिथं घोळ होई, आणि घोळ निस्तरायला आमच्या माणसांना धावणं भाग पडे. बघता बघता सगळेच धावू लागले. गोलांमागून गोल झाले. कडेला लोक माझ्या हुकमाप्रमाणे भोंगे न वाजवता गाड्यांच्या टपांवर थापा मारत होते.

आम्ही चार गुणांनी मागे असताना चेंडू त्यांच्या गोलापुढच्या गर्दीत शिरला. कोणीतरी मारला, कोणाच्या तरी खांद्याला लागला आणि सुसाट धावत आलेल्या केल्पीच्या नडगीवर आदळून खांबांमधून आत गेला. गुडघ्याच्या खाली लागला की तो गोल. पांढऱ्या कोटातल्या पंचानं दोन्ही निशाणं हलवली.

आणि आल्फचा भोंगा वाजला.

मैदानातल्या सगळ्यांना तो सामना संपल्याचा इशारा वाटला. मुख्य पंचानं दोन्ही हात वर केले. आमचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले, टारॅन्टीवाले डोकं धरून बसले. एकट्या केल्पीनं तो भोंगा बरोबर ओळखला. तो जागच्या जागी उभा राहिला. अकरा हंगामांत त्याला उभा असलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

भोंगा वाजतच होता. मर्नाबाई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आल्या. "अरे, वेळ उरलीये अजून. मी रुमाल हलवलेला नाही."

मी धावत गाडीपाशी गेलो. "आल्फ, हात काढ. काय केलंस हे?"

आल्फनं हात काढला नाही. समोरच बघत म्हणाला, "ब्रेंटनच होता ना तो? मला नीट दिसलं ना?"

"ब्रेंटनच होता," मी म्हणालो. मग त्यानं हात काढला.

पंचानं सगळ्यांना परत बोलावलं. फिन्लीचे केस विंचरून झाले होते. वायरमननं बियरची बाटली उघडली होती, ती त्यानं गोलाच्या खांबाशी जपून ठेवली. चेंडू पुन्हा मधोमध उडाला, खेळ सुरू झाला, आणि थोड्याच वेळात वरून रुमाल हलला. आता मात्र खरोखर वेळ संपली होती.

आल्फनं भोंगा दाबला. गाडीतून म्हाताऱ्या बोकडासारखा एक उसासा आला आणि बंद पडला. बॅटरी संपली होती. अकरा वर्षांचा आनंद तिनं एकदाच भोगला होता.

"काहीतरी वाजव, डिग," वरून मर्नाबाई ओरडल्या. दोघांनी आपापल्या गाड्यांचे भोंगे वाजवलेही. पंचानं त्यांना हाताच्या इशाऱ्यानंच गप्प केलं. शिकवण माझीच होती. तिकडे टारॅन्टीचा कप्तान चेंडू घेऊन आमच्या गोलासमोर उभा, पाय मागे नेलेला.

मी खानावळीच्या खिडकीतून पाईचा रिकामा पत्रा आणि चिमटा उचलला आणि बडवत मैदानात धावत सुटलो. पंचाला पत्रा ऐकू जाण्याआधी कप्तानाची लाथ बसली, आणि लाथ पोचण्याआधी केल्पी तिच्यापुढे आडवा पडला. चेंडू त्याच्या पाठीला लागून बाजूच्या फटीतून गेला. त्यांना एक गुण. तेवढ्यात मी पोचलो. पंचानं माझ्याकडे, पत्र्याकडे, मर्नाबाईंच्या रुमालाकडे पाहिलं आणि हात वर केले. आम्ही एका गुणानं जिंकलो.

संध्याकाळी निवड समिती बसली. मला एकमतानं काढून टाकलं. मग लॉरेल म्हणाली, "पण फायनलला पत्रा वाजवायला तूच यायचंस. हाताला ताल नाही तुझ्या, पण धावतोस छान."

घरी आल्यावर मी कालिंदीला म्हणालो, "ताल नाही म्हणे. ज्याला तुझ्या वडिलांनी एकदाही स्वतःच्या मागून हलवलं नाही, त्याला."

कालिंदी पत्र्याचे पोचे ठोकून काढत होती. "आईनं विचारलं होतं बाबांना एकदा, त्या दिगंबरला का ठेवलंय म्हणून."

"मग?"

"म्हणाले, तालात एकदाही नसतो, पण इतका जीव तोडून बडवतो की उत्तररंगात कोणाची पेंगायची टाप नाही."